राजकीय घराण्याची मालिका

राजकीय घराण्याची मालिका : सत्तेत असलेल्या किंवा सत्तेवर डोळा ठेवून असलेल्या कुटुंबाची आणि त्याच घरात राबणाऱ्या नोकरमाणसांची गोष्ट रोजच्या भागांतून सांगणारा दूरचित्रवाणी मालिकेचा प्रकार. आमदार किंवा माजी मंत्री असलेला कुटुंबप्रमुख, वारसा कोणाकडे जाणार यावरून धुमसणारी मुले, बाहेरून आलेली सून आणि हे सगळे चहाचा ट्रे धरून ऐकणारा घरगडी, एवढ्या भांडवलावर अशी मालिका वर्षानुवर्षे चालू शकते. मराठीत हा प्रकार निर्भेळ स्वरूपात क्वचितच आढळतो. बहुधा तो सासू-सुनेच्या किंवा प्रेमकथेच्या मालिकेत मिसळलेला असतो. सहकारी संस्था, शेती आणि निवडणुका यांची घट्ट वीण असलेला नाशिक जिल्हा या प्रकाराला कच्चा माल पुरवू शकेल असा आहे, आणि आता चित्रीकरणाचे ठिकाण म्हणूनही त्याचा उपयोग होतो.

मालिका आणि नोकरवर्ग यांचे नाते जुने आहे. १९३० च्या दशकात अमेरिकी रेडिओवर दुपारच्या कौटुंबिक मालिका सुरू झाल्या तेव्हा त्यांचे प्रायोजक साबण बनवणाऱ्या कंपन्या होत्या, म्हणून त्यांना ‘सोप’ म्हणू लागले. मालक आणि नोकर यांना सारखे वजन देणारी मालिका मात्र ब्रिटनमध्ये झाली. ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ (१९७१–७५) या मालिकेत लंडनच्या ईटन प्लेसमधील बेलामी कुटुंब होते. कुटुंबप्रमुख रिचर्ड बेलामी हा संसद सदस्य, आणि तळघरात बटलर हडसन, स्वयंपाकीण मिसेस ब्रिजेस, मोलकरीण रोझ. मूळ कल्पना जीन मार्श आणि आयलीन अॅटकिन्स या दोन अभिनेत्रींची. दोघींच्याही घरात मोठ्यांकडे नोकरी केलेली माणसे होती. त्यामुळे या मालिकेतल्या नोकरांना स्वतःची दुःखे, स्वतःचे मानापमान आणि मुख्य म्हणजे आपसातली उतरंड आहे. मालक खोलीत नसतानाही त्यांची गोष्ट थांबत नाही.

मराठी परंपरा वेगळ्या वाटेने आली. राजकीय घराण्याचा पडद्यावरचा पहिला ठसठशीत नमुना चित्रपटात दिसतो. ‘सामना’ (१९७४) मधला साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले, हा पुढच्या अनेक मालिकांतल्या आबासाहेबांचा आणि दादासाहेबांचा मूळपुरुष मानावा लागेल. पांढरा पोशाख, वाड्यावरचा दरबार, हाकेसरशी धावणारी माणसे ही मांडणी तिथून पुढे सरकत राहिली. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, तरी रोजच्या मराठी मालिकेला खरा जोर आला तो १९९९ मध्ये अल्फा मराठी (नंतरची झी मराठी) आणि पुढच्याच वर्षी ई-टीव्ही मराठी या वाहिन्या आल्यावर. ‘देवयानी’ (स्टार प्रवाह, २०१२) मधला विखे यांचा वाडा आणि ‘तुमच्यासाठी कायपण’ म्हणणारा संग्राम, किंवा ‘कारभारी लयभारी’ (झी मराठी, २०२०) मधली राजकीय पार्श्वभूमी, ही या प्रकाराची ठळक उदाहरणे. दोन्हींत राजकारण हा प्रेमकथेचा पडदा आहे, विषय नव्हे.

या मालिकांतले घर नीट पाहण्यासारखे असते. बेलामींच्या घरात मालक वर आणि नोकर खाली. जिना हीच सीमारेषा. मराठी वाडा आडवा पसरतो. ओसरी, चौक, माजघर, स्वयंपाकघर, परसदार अशी त्याची आतवर जाणारी रांग असते, आणि जुन्या रिवाजात कोण कुठपर्यंत येऊ शकतो हे उंबऱ्यांवरून ठरे. नाशिकच्या जुन्या गावठाणातले वाडे आणि पेशवेकालीन सरकारवाडा पाहिला की ही रचना लगेच कळते. मालिकेच्या सेटने ती पुसून टाकली. तिथे एक मोठा हॉल असतो, मधोमध सोफा, मागे गोल वळणारा जिना, एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचे दार. सगळे कुटुंब त्याच हॉलमध्ये भांडते आणि नोकरही तिथेच भिंतीला टेकून उभा असतो. त्याला जायला ‘खाली’ जागाच नाही. म्हणून त्याची स्वतंत्र गोष्टही नाही.

त्याचे काम वेगळेच आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता सुमारे बावीस मिनिटे हाती उरतात, आणि आठवड्याला सहा भाग द्यायचे असतात. भागांची ‘बँक’, म्हणजे आधीच चित्रित केलेल्या भागांचा साठा, तयार नसेल तर आज चित्रित झालेले परवा दाखवावे लागते. अशा घाईत लेखकाला निरोप पोचवणारा, दाराआड ऐकणारा आणि कालच्या भागात काय झाले ते प्रेक्षकाला पुन्हा सांगणारा माणूस लागतो. ‘साहेब, धाकल्या वैनीसाहेब कालपासून जेवल्या नाहीत’ या एका वाक्यात तीन भागांचा ताळेबंद मांडून होतो. मोलकरीण मावशी, ड्रायव्हर, स्वीय सहायक, अंगरक्षक, स्वयंपाकी महाराज ही सगळी पात्रे याच कामावर लावलेली असतात. स्वामिनिष्ठ म्हातारा गडी आणि फितूर झालेली मोलकरीण हे दोन साचे तर इतके झिजलेत की पात्र पहिल्यांदा दाराशी आले की कोणत्या बाजूचे ते प्रेक्षक ओळखतो. क्वचित एखाद्या नोकराचा ‘ट्रॅक’, म्हणजे स्वतंत्र उपकथानक, चालवला जातो. दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांनी साथ दिली नाही तर तो गावी निघून जातो आणि पुन्हा कोणी त्याची चौकशी करत नाही.

याहून खोल नोकर मराठी रंगभूमीवर आधीच होऊन गेला होता, आणि तो नाशिकमध्ये राहणाऱ्या लेखकाने लिहिला होता. कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) मधला विठोबा हा घरचा नोकर. आप्पासाहेब बेलवलकरांची अवहेलना तो पाहतो, आणि पोटच्या पोरांना जी कणव नाही ती त्याला आहे. मालिकांनी विठोबाचा गहिवर घेतला, नजर घेतली नाही.

राजकारणाच्या बाजूलाही अशीच काटछाट होते. पक्षाचे नाव ‘पक्ष’, वरिष्ठ म्हणजे ‘हायकमांड’, चिन्ह काल्पनिक आणि धोरण कोणतेच नाही. सारा संघर्ष तिकिटापाशी येऊन थांबतो. प्रत्यक्षात घराण्याची ताकद उमेदवारीच्या कितीतरी आधी, संस्थांमध्ये तयार होते. नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे पंधरा मतदारसंघ आहेत, पण राजकारणाची रोजची लढाई बाजार समित्या, जिल्हा बँक, साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था यांत चालते. लासलगावचा कांद्याचा भाव किंवा १९१४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाची निवडणूक यांवर गावोगावी जितकी चर्चा होते, तितकी एखाद्या मंत्रिपदावरही होत नाही. वारशाची परंपराही जिल्ह्याला नवी नाही. कूळ कायद्याशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या भाऊसाहेब हिरे यांच्या घराण्याच्या पुढच्या पिढ्या राजकारणात राहिल्या. छगन भुजबळ यांचे पुत्र पंकज आमदार आणि पुतणे समीर खासदार झाले. याउलट टोकाचे उदाहरणही इथलेच : १९६३ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले.

एका बाबतीत मात्र मालिका वास्तवाच्या बरीच जवळ जाते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना एकतृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये तो वाटा निम्म्यावर नेला. जागा राखीव निघाली की घरातल्या पुरुषाला बायकोचा किंवा सुनेचा अर्ज भरावा लागतो. मालिकांना हा आयता प्रसंग मिळाला. काल स्वयंपाकघरात टोमणे खाणारी सून आज उमेदवार होते, सासू प्रचाराला निघते, आणि निवडून आल्यावर सही कोणी करायची यावरून पुढचे दोन महिने निघतात. मराठी मालिकेत कौटुंबिक आणि राजकीय ही दोन सूत्रे खरोखर एकमेकांत गुंतली असतील तर ती इथे.

चित्रपटाच्या इतिहासात नाशिकचे स्थान मालिकांच्या फार आधीचे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा, आणि त्यांची कर्मभूमीही पुढे नाशिक राहिली. मराठी मालिका मात्र दीर्घकाळ गोरेगाव, मढ आणि ठाण्याच्या घोडबंदर परिसरातच अडकून होत्या. गेल्या काही वर्षांत त्या सातारा, कोल्हापूर, नाशिक अशा ठिकाणी पसरल्या. ‘सुंदरा मनामध्ये भरली’ (कलर्स मराठी, २०२०) चे चित्रीकरण नाशिकमध्ये झाले. मुंबईहून काही तासांचा रस्ता, द्राक्षबागा, गोदाकाठ आणि मुक्कामाची सोय एवढ्या गोष्टी निर्मात्याला पुरतात.

पण नाशिकमध्ये चित्रित झालेली मालिका नाशिकची असतेच असे नाही. पडद्यावरचे पाटील साधारणपणे सातारा-कोल्हापूरच्या धाटणीची बोली बोलतात, मग मागे डोंगर कोणताही असो. मालेगाव, सटाणा, कळवण या पट्ट्यातली अहिराणी या वाड्यांत सहसा ऐकू येत नाही. आलीच तर ती गड्याच्या तोंडी, हशा पिकवण्यापुरती. खानदेश आणि लगतच्या भागात मोठ्या शेतकऱ्याकडे वर्षभराच्या बोलीवर राहणारा सालदार असतो. अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आखाजीला, त्याचे साल संपते आणि नवे ठरते. पैसे किती, उचल किती, धान्य किती, बायको कामाला येणार की नाही, याची घासाघीस त्या दिवशी होते, आणि जमले नाही तर सालदार शेजारच्या मळ्यात जातो. मालक, निवडणूक, उसनवारी आणि निष्ठा सगळे एकत्र आणणारा हा प्रसंग मालिकांच्या लेखकांनी जवळपास वापरलेलाच नाही. शहरातल्या घरकामगारांसाठी राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. वाड्यावरच्या मावशींची त्या मंडळाकडे नोंदणी झालेली एखादी मालिका अजून यायची आहे.