कपातीचा प्रश्न आणि मजूर पक्षाचे नेतृत्व : १९३१ ते २०२५

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये १ जुलै २०२५ रोजी अपंगांच्या भत्त्यांवरील खर्च आटोक्यात आणणारे विधेयक मतदानाला आले, तेव्हा किअर स्टार्मर यांच्या मजूर पक्षाच्या सरकारपाशी दीडशेहून अधिक जागांचे मताधिक्य होते. तरीही मतदानाला सुमारे दीड तास उरला असताना विधेयकातील सर्वांत वादग्रस्त तरतूद मागे घेत असल्याचे सरकारला सभागृहात जाहीर करावे लागले, आणि एवढे करूनही स्वपक्षाच्या ४९ खासदारांनी पक्षादेश झुगारून विरोधात मत दिले. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांचे डोळे सभागृहातच भरून आले आणि त्या पदावर राहणार की नाही या शंकेने सरकारी रोख्यांचे भाव घसरले. स्टार्मर यांच्या राजकीय कौशल्याच्या अभावावर त्यानंतर बरेच लिहिले गेले, आणि त्यात तथ्यही आहे. पण सरकारी खर्चाला कात्री लावायची वेळ आली की मजूर पक्षाचे नेतृत्व डळमळते, हे जवळपास शंभर वर्षांचे दुखणे आहे.

त्याची सुरुवात ऑगस्ट १९३१ मध्ये झाली. मराठी वाचकाला रॅम्से मॅकडोनाल्ड हे नाव ठाऊक आहे ते १९३२ च्या जातीय निवाड्यामुळे आणि त्यातून उद्भवलेल्या पुणे करारामुळे. मात्र हा निवाडा देताना ते स्वतःच्या पक्षातून हकालपट्टी झालेले पंतप्रधान होते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. १९२९ मध्ये अल्पमतात सत्तेवर आलेल्या त्यांच्या सरकारला जागतिक मंदीने गाठले, बेकारांची संख्या पंचवीस लाखांच्या पुढे गेली आणि जुलै १९३१ अखेर सर जॉर्ज मे यांच्या समितीने १२ कोटी पौंडांच्या तुटीचे भाकीत करून बेकारी भत्ता २० टक्क्यांनी कमी करण्याची शिफारस केली. पौंड सोन्याशी बांधलेला होता, सोने देशाबाहेर चालले होते, आणि न्यूयॉर्कच्या बँकवाल्यांकडून कर्ज मिळवायचे तर अंदाजपत्रक विश्वासार्ह दिसणे भाग होते. मंत्रिमंडळापुढे अखेर भत्त्यातील १० टक्के कपातीचा प्रस्ताव आला. रविवार, २३ ऑगस्टच्या रात्री झालेल्या बैठकीत अकरा मंत्री कपातीच्या बाजूने आणि नऊ विरोधात गेले. एवढ्या फुटीनंतर सरकार चालणे शक्य नव्हते. मात्र दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन बाहेर पडण्याऐवजी मॅकडोनाल्ड हुजूर आणि उदारमतवादी पक्षांना सोबत घेऊन ‘राष्ट्रीय सरकार’चे पंतप्रधान झाले, आणि अर्थमंत्री फिलिप स्नोडन यांच्यासह मोजकेच सहकारी त्यांच्याबरोबर गेले.

नव्या सरकारने कपात केलीच. तिचा फटका कसा बसला हे नौदलात सर्वांत स्पष्ट दिसले. जुन्या वेतनश्रेणीतल्या सामान्य खलाशाचा रोजचा पगार चार शिलिंगांवरून तीन शिलिंग होणार होता, म्हणजे वरिष्ठांपेक्षा त्याच्याच पगाराला मोठी कात्री लागत होती. सप्टेंबरच्या मध्यास स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन येथे नांगरलेल्या अटलांटिक ताफ्यातील खलाशांनी जहाजे हाकण्यास नकार दिला. या बातमीने बाजार हादरला आणि २१ सप्टेंबर रोजी ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडून दिले. ज्या सोन्याच्या बंधनापायी बेकाराच्या भत्त्याला हात घातला, ते बंधनच महिनाभरात गळून पडले आणि त्याने आभाळ काही कोसळले नाही, ही गोष्ट मजूर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. ऑक्टोबरच्या निवडणुकीत पक्ष ५२ जागांवर आला. ‘मॅकडोनाल्डची फितुरी’ हा पक्षाच्या स्मृतीचा कायमचा भाग झाला आणि कपातीला मान्यता देणाऱ्या प्रत्येक नेत्याकडे त्या संशयाने पाहिले जाऊ लागले.

१९५१ मध्ये रक्कम क्षुल्लक होती, पण भांडण मोठे झाले. कोरियन युद्धामुळे वाढलेला शस्त्रखर्च भागवण्यासाठी अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क लावले. राष्ट्रीय आरोग्य सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला आणि बेव्हनवादी विरुद्ध गेट्स्केलवादी ही फूट दशकभर टिकली. १९७६ मध्ये जेम्स कॅलॅघन यांच्या सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ३.९ अब्ज डॉलरचे कर्ज घेताना खर्चकपात मान्य करावी लागली. त्यापाठोपाठ सरकारने वेतनवाढीवर ५ टक्क्यांची मर्यादा घातली, तिच्याविरुद्ध १९७८-७९ च्या हिवाळ्यात संपांची लाट आली आणि मार्च १९७९ मध्ये सरकार अविश्वास ठरावावर एका मताने पडले.

२०२५ च्या पेचाचे धागे मात्र २००८ च्या बँकबुडीपर्यंत जातात. बँका वाचवण्याचा भार आणि मंदीमुळे आटलेला महसूल यांमुळे २००९-१० मध्ये तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्क्यांवर गेली. मे २०१० मध्ये सत्तांतर झाले, तेव्हा मजूर पक्षाचे मावळते मंत्री लियम बर्न यांनी आपल्या जागी येणाऱ्यासाठी ‘पैसा शिल्लक नाही’ अशा अर्थाची चिठ्ठी ठेवली. गंमत म्हणून लिहिलेल्या त्या ओळीचे हुजूर पक्षाने पुढची अनेक वर्षे भांडवल केले. डेव्हिड कॅमेरन आणि निक क्लेग यांच्या आघाडी सरकारातील अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी मूल्यवर्धित कर १७.५ वरून २० टक्के केला, वर्षाला २१ हजार पौंडांहून अधिक पगार असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांची वेतने दोन वर्षे गोठवली आणि त्यानंतर वाढीला एक टक्क्याची मर्यादा घातली. आरोग्य सेवा आणि शाळा यांना संरक्षण मिळाल्याने इतर खात्यांवर कुऱ्हाड अधिक जोरात पडली. सर्वांत जास्त ती स्थानिक परिषदांवर पडली, कारण त्यांचे केंद्रीय अनुदान कमी केले की कोणते वाचनालय किंवा युवक केंद्र बंद करायचे हा अप्रिय निर्णय लंडनमधील मंत्र्याला नव्हे, तर गावच्या नगरसेवकाला घ्यावा लागतो. वृद्धांची आणि निराधार मुलांची देखभाल ही परिषदांची कायद्याने बंधनकारक जबाबदारी आहे. तिचा खर्च वाढत राहिला आणि उरलेले सारे आक्रसत गेले. २०१८ मध्ये नॉर्थॅम्प्टनशरने आणि २०२३ मध्ये बर्मिंगहॅमने नवा खर्च थांबवत असल्याची नोटीस काढली, म्हणजे व्यवहारात दिवाळे जाहीर केले. बर्मिंगहॅमच्या बाबतीत समान वेतनाच्या जुन्या दाव्यांचा बोजाही होता.

या काळात मजूर पक्ष विरोधात होता, पण जुने दुखणे तिथेही उफाळले. सप्टेंबर २०१० मध्ये एड मिलिबँड यांनी सख्खे भाऊ डेव्हिड यांना जेमतेम सव्वा टक्क्याने हरवून नेतेपद मिळवले. खासदार आणि पक्षसदस्य या दोन्ही गटांत डेव्हिड पुढे होते, एड तरले ते कामगार संघटनांच्या मतांवर. त्यामुळे जानेवारी २०१२ मध्ये छाया अर्थमंत्री, म्हणजे विरोधी पक्षाचे अर्थविषयक प्रवक्ते, एड बॉल्स यांनी, आमचे सरकार आले तरी या कपाती परत फिरवण्याचे आश्वासन देता येणार नाही आणि वेतनमर्यादाही मान्य आहे, असे सांगितले तेव्हा ‘युनाइट’ या कामगार संघटनेचे लेन मॅक्लस्की यांनी जाहीर हल्ला चढवला. ज्यांनी नेता निवडून दिला त्यांच्याच सभासदांची वेतने गोठवण्याला तो नेता पाठिंबा देत होता. बॉल्स यांचा हिशेब असा होता, की मतदार पक्षाला उधळ्या समजतो आणि तो समज पुसल्याशिवाय सत्ता नाही. २०१५ ची निवडणूक पक्षाने तरीही गमावली. उधळेपणाचा ठपका गेला नाही आणि कपातीचा विरोधक म्हणूनही ओळख मिळाली नाही, असे दोन्हीकडून नुकसान झाले.

जुलै २०१५ मध्ये कल्याणकारी भत्त्यांत कपात करणाऱ्या विधेयकावर हंगामी नेत्या हॅरिएट हार्मन यांनी तटस्थ राहण्याचा आदेश दिला. ४८ खासदारांनी तो मोडला, आणि नेतेपदाच्या चार उमेदवारांपैकी विरोधात मत देणारे एकटे जेरेमी कॉर्बिन होते. चर्चेत विविधता हवी म्हणून काही खासदारांनी औदार्याने नामांकन दिल्यामुळेच ते रिंगणात होते. संघटनांचा वरचष्मा कमी करण्यासाठी वर्षभरापूर्वी बदललेल्या नियमांनुसार तीन पौंड भरणाऱ्या समर्थकालाही मत होते. कॉर्बिन ५९.५ टक्के मतांनी निवडून आले. पुढच्याच वर्षी १७२ खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला आणि सदस्यांनी त्यांना पुन्हा निवडले.

हुजूर पक्षही यातून सुटला नाही, मात्र सत्तेच्या चौदा वर्षांत त्याचे पाच पंतप्रधान झाले त्यामागे मुख्य कारण ब्रेक्झिट होते. लिझ ट्रस यांची गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांच्या अर्थमंत्र्यांनी पैशाची तजवीज न सांगता ४५ अब्ज पौंडांची करसवलत जाहीर केली, रोखे कोसळले, बँक ऑफ इंग्लंडला हस्तक्षेप करावा लागला आणि ४९ दिवसांत त्यांचे पद गेले. बाजाराचा हा धसका रीव्हज यांनी पुरता घेतला. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर येताच त्यांनी २२ अब्ज पौंडांचे भगदाड दाखवून बहुसंख्य निवृत्तांचा हिवाळी इंधनभत्ता बंद केला, आणि वर्षभराच्या आत बहुतेकांसाठी तो सरकारला पुन्हा सुरू करावा लागला. दोन अपत्यांनंतरच्या मुलांसाठी गरजू कुटुंबांना जादा भत्ता न देण्याची २०१७ पासूनची मर्यादा हटवावी म्हणून मत देणारे सात खासदार जुलै २०२४ मध्येच निलंबित झाले होते. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात त्याच सरकारने ती मर्यादा एप्रिल २०२६ पासून रद्द करण्याची घोषणा केली.

कॉर्बिन यांच्या अनुभवाने पोळलेल्या पक्षाने २०२१ मध्ये नेतेपदाच्या उमेदवारीसाठी लागणारा खासदारांचा पाठिंबा २० टक्क्यांवर नेला. २०२५ मधील संख्याबळानुसार हा आकडा सुमारे ८० होतो. अपंगभत्त्यांचे विधेयक रोखण्यासाठी जूनमध्ये मांडलेल्या दुरुस्तीवर मजूर पक्षाच्या शंभराहून अधिक खासदारांच्या सह्या होत्या.