मुलाचा घसा रात्री काय करतो?
झोपेच्या तपासणीला येणाऱ्या पालकांसाठी

"दिवसभर अगदी ठणठणीत असतो, रात्रीच काय होतं कळत नाही." आमच्याकडे येणारे बरेच पालक असं सांगतात आणि त्यांचं निरीक्षण बरोबर असतं. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, म्हणजे स्लीप ॲप्निया, असलेल्या मुलाचा घसा जागेपणी बहुधा नीट काम करतो.

नाकाला हाडाचा आणि कूर्चेचा आधार असतो, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात. मधल्या घशाला असं टणक काही नसतं, तो स्नायूंच्या बळावर उघडा राहतो. श्वास आत घेताना हवा ओढली जाते आणि त्या ओढीने घशाच्या भिंतीही आत येऊ पाहतात. मऊ स्ट्रॉ जोरात ओढली की चपटी होते, तसंच. जागेपणी जिभेचे आणि टाळूचे स्नायू वेळेवर ताणले जातात, वाट मोकळी राहते. झोपेत ते सैलावतात. म्हणून अडथळा मुख्यतः श्वास आत घेताना येतो.

त्यात साधारण २ ते ८ वर्षांच्या वयात टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी घशाच्या मानाने मोठ्या असतात. तरीही टॉर्चने टॉन्सिल केवढे दिसतात यावरून त्रास किती हे ठरत नाही. मोठे टॉन्सिल असलेलं एखादं मूल शांत झोपतं, बेताचे असलेलं रात्रभर धडपडतं. घशाचे स्नायू किती साथ देतात यावर बरंच अवलंबून असतं आणि ते झोपेतच कळतं.

मुलांचा श्वास दर वेळी पूर्ण थांबतोच असं नाही. बऱ्याचदा घसा अर्धवट मिटलेला राहतो आणि मूल न उठता बराच वेळ कष्टाने श्वास घेत राहतं. म्हणून दिवसा पेंगण्याऐवजी चिडचिड, चंचलपणा किंवा अभ्यासात लक्ष न लागणं दिसतं. अंथरूण ओलं होणं, झोपेत घाम येणं, मान मागे टाकून झोपणं याकडेही लक्ष द्या. मान मागे गेली की घसा ताणला जातो आणि वाट थोडी मोकळी होते, मूल झोपेतच तो उपाय शोधतं.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. छाती आणि पोट दोन्ही दिसू देत. श्वास घेताना पोट वर येतं आणि छाती आत खेचली जाते का, ते पाहा. व्हिडिओ पहाटे घेतलात तर उत्तम. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात आणि मुलांचा त्रास तेव्हाच वाढतो. रात्री अकराला डोकावून "शांत झोपलाय" म्हणणं पुरेसं नाही.

तपासणीत नाकाशी बारीक नळी, छाती-पोटावर पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप आणि डोक्यावर तारा लावतो. काहीच टोचत नाही. मोठ्यांमध्ये १० सेकंदांचा थांबा मोजतात, मुलांमध्ये दोन श्वासांइतका थांबाही धरतात. तासाला एकापेक्षा जास्त अडथळे आले तर ते मुलांसाठी जास्त मानले जातात, त्यामुळे मोठ्यांच्या रिपोर्टशी तुलना करू नका.

उपचार तुमचे डॉक्टर ठरवतील. अनेकदा टॉन्सिल-ॲडेनॉइडची शस्त्रक्रिया सुचवतात. काहींना नाकातला स्प्रे, वजन कमी करणं किंवा हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन लागतं. शस्त्रक्रियेनंतरही काही मुलांचा, विशेषतः वजन जास्त असलेल्या आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा, त्रास उरतो. त्यांची पुन्हा तपासणी करून घ्या. शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा रिपोर्ट जरूर दाखवा.

झोपेत ओठ निळे पडले किंवा श्वास थांबून मूल उठेनासं झालं, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

तपासणीच्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, नाहीतर तारा चिकटत नाहीत. झोप यावी म्हणून कुठलंही औषध स्वतःहून देऊ नका, त्याने घसा आणखी सैल पडतो. नेहमीची उशी-पांघरूण सोबत आणा. आई किंवा बाबा, कुणी तरी एक जण रात्रभर मुलाजवळ थांबू शकतो.