पुरवठा कराराची समाप्ती

माल किंवा सेवा पुरवण्याचा चालू करार एका पक्षाने करारातल्याच तरतुदींनुसार थांबवणे, याला पुरवठा कराराची समाप्ती म्हणतात. तिचे मार्ग तीन: मुदत संपल्यावर नूतनीकरण न करणे, मुदत शिल्लक असताना कारण न देता संपवणे, आणि पुरवठादाराच्या कसुरीमुळे संपवणे. नोटिशीचा काळ, भरपाई आणि पत्राची भाषा या निवडीवर ठरते. म्हणून पहिले काम वाचनाचे असते. मूळ करार, परिशिष्टे आणि नंतरच्या सगळ्या दुरुस्त्या एकत्र समोर ठेवाव्यात. नोटिशीची मुदत एखाद्या जुन्या दुरुस्तीत ३० दिवसांवरून ९० दिवस झालेली असते, आणि मूळ करारच पाहणाऱ्याला ते कळत नाही.

मार्गाची निवड

आपोआप नूतनीकरण होणाऱ्या करारात तारीख चुकली की पुढचे पूर्ण वर्ष बांधून घेतल्यासारखे होते. करार ३१ डिसेंबरला संपत असेल आणि ९० दिवस आधी कळवण्याची अट असेल, तर नोटीस २ ऑक्टोबरपर्यंत पोहोचली पाहिजे. दिवस पत्र पाठवल्यापासून मोजायचे की मिळाल्यापासून, हेही करारातच पाहावे. खासगी कायद्याच्या एकीकरणासाठी असलेल्या युनिड्रॉइट या संस्थेच्या व्यापारी करारविषयक तत्त्वांनुसार नोटीस समोरच्यापर्यंत पोहोचल्यावर लागू होते. ठरावीक मुदत नसलेला करार वाजवी आगाऊ नोटीस देऊन कोणताही पक्ष संपवू शकतो, असेही ही तत्त्वे सांगतात.

कसुरीचे कारण दाखवायचे असेल तर पुरावा आधी लागतो: उशिराने आलेल्या खेपांच्या तारखा, नाकारलेल्या मालाचे तपासणी अहवाल आणि त्या त्या वेळी पाठवलेली तक्रारपत्रे. बहुतेक करारांत कसूर दुरुस्त करण्यासाठी मुदत द्यावी लागते आणि ती संपल्यावरच समाप्तीचा हक्क मिळतो. वेगवेगळ्या देशांतल्या पक्षांमधील मालविक्रीला लागू होणारे १९८० चे व्हिएन्ना कन्व्हेन्शन (अंमल १ जानेवारी १९८८ पासून) हाच विचार मांडते. कसूर मूलभूत असेल तर खरेदीदार करार रद्द करू शकतो. माल आलाच नसेल, तर वाजवी जादा मुदत देऊनही तो न आल्यास तसा हक्क मिळतो. दोन्ही वेळी समोरच्याला तसे कळवावेच लागते.

कारण सिद्ध झाले नाही तर बेकायदा समाप्ती केल्याचा ठपका खरेदीदारावरच येतो. त्यामुळे कारण न देता संपवण्याची तरतूद असेल आणि तिची किंमत परवडत असेल, तर तक्रारी खऱ्या असल्या तरी तोच मार्ग बरा.

नोटिशीपूर्वीची तयारी

सर्वाधिक नुकसान इथेच होते. नोटीस मिळाल्यावर पुरवठादार आपली यंत्रे आणि माणसे दुसऱ्या ग्राहकाकडे वळवू लागतो. त्यात वावगे काही नाही, पण खेपा उशिरा येऊ लागतात. नव्या पुरवठादाराचे नमुने मंजूर व्हायला ४ आठवडे आणि पहिली खेप यायला त्यानंतर १० आठवडे लागणार असतील, तर एकूण १४ आठवडे होतात. ९० दिवसांची नोटीस मात्र १३ आठवड्यांतच संपते. दर आठवड्याला २५० नग लागत असतील तर या एका आठवड्याचे २५० नग आणि नमुना एकदा नापास झाला तर आणखी ४ आठवड्यांचे १,००० नग, असा १,२५० नगांचा साठा आधी उभा करावा लागतो. तो एका मोठ्या ऑर्डरने न घेता दोन-तीन खेपांत वाढवावा.

पुरवठादाराकडे असलेले आपले साचे, डाय (धातूला आकार देणारे ठसे), जिग (काम पकडून ठेवणारी साधने), गेज (माप तपासणारी साधने) आणि ड्रॉइंग यांची क्रमांकासह, फोटोंसह यादी करून घ्यावी. नेहमीच्या वार्षिक तपासणीतच ही यादी दोघांच्या सहीने झालेली असेल तर उत्तम. मालकीचा कागद नसलेला साचा परत मिळवणे फार कठीण जाते. त्याचे पैसे नगाच्या दरात मिसळून दिले असतील, तर मालकी कोणाची यावरच वाद होतो.

नोटीस

व्यवहार सांभाळणाऱ्या व्यक्तीने आधी प्रत्यक्ष किंवा फोनवर सांगावे आणि त्याच दिवशी लेखी नोटीस पाठवावी. तोंडी सांगणे हे सौजन्य झाले. करारासाठी लेखी नोटीसच धरली जाते. पत्र एका पानात बसावे. त्यात कराराचा क्रमांक व तारीख, कोणत्या कलमाखाली समाप्ती आहे ते कलम, शेवटचा दिवस, चालू ऑर्डरींचे काय होणार, साहित्य परत करण्याची तारीख आणि पुढे बोलायला एकच संपर्क व्यक्ती असावी. करारात लिहिलेल्या पत्त्यावर, लिहिलेल्या पद्धतीनेच पाठवून पोच जपून ठेवावी. नेहमीच्या ईमेलवर पाठवलेली नोटीस करारात ईमेल मान्य नसल्यास फुकट जाऊ शकते. ‘आम्ही संबंधांचा फेरविचार करत आहोत’ अशी मोघम वाक्ये टाळावीत. त्यांतून समाप्ती झाली की नाही हेच कळत नाही.

हिशेब आणि ताबा

चालू ऑर्डरी एकेक करून तपासाव्यात: कोणती पूर्ण घ्यायची, कोणती रद्द करायची, आणि आपण कळवलेल्या मागणीच्या अंदाजावर विसंबून पुरवठादाराने खरेदी केलेला खास कच्चा माल कोण घेणार. किमान खरेदीची हमी दिली असेल तर तुटीची रक्कम इथेच निघते. मग दोन्ही पक्षांच्या हिशेबवह्यांची जुळवणी करून आगाऊ रक्कम, डेबिट नोट व क्रेडिट नोट (खात्यात रक्कम नावे किंवा जमा केल्याची पत्रे) आणि राखून ठेवलेली रक्कम मिटवावी. वाद एका बिलाचा असेल तर तेवढेच बिल बाजूला ठेवून बाकीचे वेळेवर द्यावे. सगळे पैसे अडवले की साचे अडकतात आणि उरलेल्या खेपाही थांबतात.

‘पूर्ण व अंतिम हिशेब’ अशा कागदावर सही करताना मालाच्या हमीचे दावे वगळल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे. नाहीतर महिन्याभराने निघालेला सदोष माल आपल्याच माथी बसतो. गोपनीयता, हमी आणि वाद सोडवण्याची कलमे सहसा करार संपल्यावरही लागू राहतात.

शेवटच्या दिवशी प्रणालीतील प्रवेश, पासवर्ड, ओळखपत्रे आणि आपोआप जाणारी देयके बंद करावीत. पुरवठादाराचे खाते मात्र नव्या ऑर्डरींपुरतेच रोखावे आणि हमीचा काळ संपेपर्यंत व बँक गॅरंटी परत होईपर्यंत देण्या-घेण्यासाठी चालू ठेवावे.