पंचाच्या खुर्चीची गोष्ट

1969 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली नावाच्या तरुणाने मित्रांसाठी युद्धखेळाचा एक डाव मांडला, आणि तो पुरता फसला अशी त्याची खात्री झाली. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव आणि त्याच्यावरून भिडणाऱ्या दोन फौजा, असा तो बेत होता. सेनापती दोनच लागणार होते आणि खेळायला माणसं जमली होती कितीतरी. मग वेसलीने उरलेल्यांना गावातली माणसं वाटून दिली. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी बँकवाला, कोणी विद्यापीठाचा कुलपती. झालं! लढाई बाजूलाच राहिली. मंडळी आपापसात कुजबुजायला लागली, दुसऱ्या खोलीत जाऊन सौदे ठरवायला लागली, आणि दोन खेळाडूंनी तर थेट द्वंद्वच मांडलं. द्वंद्वाचे नियम वेसलीकडे नव्हते. जे सुचलं ते जागच्या जागी ठरवून त्याने निकाल दिला. संध्याकाळ संपली तेव्हा आपण सगळा विचका केला असं त्याला वाटत होतं. खेळणारे मात्र विचारत होते, पुढचा डाव कधी?

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचे खेळ, इतके का आवडतात, असं विचारलं की लोक कथेचं, पात्रांचं, मित्रांच्या सहवासाचं नाव घेतात. ते खोटं नाही, पण मला उत्तर त्या द्वंद्वात सापडतं. खेळाडूने नियमांत नसलेलं काहीतरी करायचं ठरवलं, आणि समोर ‘बरं, बघू काय होतं’ म्हणणारा माणूस बसलेला होता. बुद्धिबळातल्या घोड्याला समोरच्या राजाशी परस्पर तह करता येत नाही. इथे येतो. असा तह मान्य करायचा की नाही, हे ठरवणारी जी पंचाची खुर्ची आहे, तिचा प्रवास म्हणजेच या खेळांचा इतिहास.

खुर्ची मुळात लष्कराची. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात रायस्वित्झ नावाच्या पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळ तयार केला. वडिलांनी तो 1812 मध्ये राजाला दाखवला, आणि लष्करात अधिकारी असलेल्या मुलाने 1824 मध्ये नकाशा, ठोकळे आणि फासे यांची नवी नियमावली छापली. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला कळवत, आणि ज्याला रणांगणावर जेवढं दिसलं असतं तेवढंच पंच त्याच्यासमोर मांडत असे. पुढे नियमांचं ओझं इतकं वाढलं की पंचाचा वेळ तक्ते चाळण्यातच जायला लागला. 1876 मध्ये व्हेर्दी दु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने सरळ सांगितलं, की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच स्वतःच्या अकलेने निकाल देईल. नियम मोठा की पंच मोठा, हे भांडण तेव्हापासूनचं आहे. आजही कुठल्याही टेबलावर ते उकरून काढता येतं.

वेसलीला ही परंपरा ग्रंथालयात मिळाली. चार्ल्स टॉटन या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याचं 1880 चं ‘स्ट्रॅटेगॉस’ हे पुस्तक मिनेसोटा विद्यापीठात पडून होतं. खेळाडूला काहीही करून बघता यावं आणि निकाल पंचाने द्यावा, ही कल्पना त्याने तिथून उचलली.

त्याच्या मित्रमंडळात डेव्ह आर्नेसन होता. ब्राउनश्टाइनच्या पुढच्या एका डावात, लॅटिन अमेरिकेतल्या काल्पनिक देशात, त्याने क्रांतिकारक विद्यार्थ्याचं पात्र घेतलं आणि थापा मारून सगळ्यांना असं गुंडाळलं की तो किस्सा अजून सांगितला जातो. 1971 च्या आसपास त्याने स्वतः ‘ब्लॅकमूर’ सुरू केलं. किल्ल्याखालची भुयारं, त्यांतले राक्षस, खजिना हे सगळं आलंच. पण खरी नवलाई वेगळी होती. खेळाडू दर वेळी तेच पात्र घेऊन परत यायचा, आणि ते पात्र अनुभवाने तयार होत जायचं. इथेच एक अडचण उभी राहिली. युद्धखेळात एका फटक्यात सैनिक पडला तर कोणी हळहळत नाही. इथे मात्र राक्षस एका फटक्यात मरावा असं सगळ्यांना वाटे, आपलं पात्र तसं मरू नये असंही वाटे. आर्नेसनने जहाजांच्या लढाईच्या खेळांतली एक युक्ती आणली. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, थोडं थोडं मोडत जातं, तसंच माणसाचं. आज व्हिडिओ गेममध्ये डोक्यावर दिसणारी आयुष्याची पट्टी हिचीच नात. माणसं आपल्या पात्रात जीव गुंतवू लागली होती, म्हणून या नियमाची गरज पडली.

विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्सने 1971 मध्ये जेफ पेरेनबरोबर ‘चेनमेल’ नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम काढले होते. त्यांच्या शेवटी जादूगार आणि ड्रॅगनची एक पुरवणी जोडलेली होती. आर्नेसनने ब्लॅकमूर त्याला खेळून दाखवलं आणि गायगॅक्सने ते पसरट, बरंचसं डोक्यातच असलेलं प्रकरण कागदावर बसवलं. जानेवारी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर आलं. खोक्यात तीन पुस्तिका, किंमत 10 डॉलर, प्रती 1000. प्रकाशक टीएसआर ही कंपनी गायगॅक्स आणि त्याचा मित्र डॉन के यांनी काही महिन्यांपूर्वीच काढलेली. त्या पुस्तिकांत ‘डंजन मास्टर’ हा पंचासाठी पुढे रूढ झालेला शब्द नव्हता, तिथे साधा ‘रेफरी’ होता. नियम इतके अर्धवट होते की प्रत्येक टेबलाला आपले नियम स्वतःच जुळवावे लागले. माझ्या मते हा अर्धवटपणाच खेळाच्या पथ्यावर पडला. नीट समजेना म्हणून लोकांनी स्वतःचे खेळ लिहायला घेतले. केन सेंट आंद्रेने 1975 मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ काढलं, त्यात घरातले साधे सहा बाजूंचे फासे पुरत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ला लागणारा वीस बाजूंचा फासा तेव्हा सहज मिळणारी वस्तू नव्हती.

पुढच्या दहा वर्षांत प्रत्येक चांगल्या खेळाने आनंदाची एकेक वेगळी जागा शोधली. मार्क मिलरच्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये (1977) पात्र तयार करणं हाच एक जुगार होता. पात्राच्या पूर्वायुष्यातल्या नोकरीची आणखी चार वर्षं पदरात पाडून घ्यायला जावं, तर डाव सुरू व्हायच्या आधीच पात्र मरायचं. ‘रूनक्वेस्ट’ने (1978) पात्राने पातळी-पातळीने वर चढायची शिडी काढून टाकली, तलवार वापरलीत तर तलवारीत सुधाराल, एवढंच. सँडी पीटरसनच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने (1981) तर पारडंच उलटं केलं. इथे पात्र बलवान होत जात नाही, त्याचं मनाचं संतुलन आकड्यांत घटत जातं. जेवढं सत्य कळेल तेवढं वेड जवळ येतं. हरणार हे ठाऊक असून लोक हा खेळ चाळीस वर्षांहून अधिक काळ हौसेने खेळताहेत, आणि जपानमध्ये तर त्याला प्रचंड लोकप्रियता मिळाली.

माझा लाडका मात्र ‘पॅरानोइया’ (1984). जमिनीखालचं शहर, त्यावर एका संशयी संगणकाचं राज्य, प्रत्येक खेळाडूच्या पदरी सहा प्रतिरूपं, कारण पहिली काही हमखास मरणारच. आणि कळस म्हणजे, खेळाचे नियम आपल्याला माहीत आहेत असं खेळाडूने दाखवणं हाच राजद्रोह! व्हेर्दी दु व्हेर्नुआचं भांडण इतक्या खट्याळपणे दुसऱ्या कोणी मिटवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

याच काळात अमेरिकेत या खेळांवर सैतानपूजेचा आणि आत्महत्यांना कारण ठरल्याचा आरोप झाला, 1983 मध्ये विरोधासाठी संघटनाही निघाली. आरोपांत तथ्य निघालं नाही. गंमत एवढीच, की पंचाची खुर्ची म्हणजे कुणाच्या तरी मनावरचा ताबा, असं बाहेरच्यांना वाटत होतं, आणि आतले लोक मात्र त्या खुर्चीत बसायला तयार होणारा माणूस मिळेना म्हणून हैराण होते.

1991 मध्ये मार्क राइन-हेगनच्या ‘व्हँपायर: द मास्करेड’ने पंचाचं नावच बदललं, तो झाला ‘स्टोरीटेलर’. भुयार गेलं, त्याच्या जागी शहरातल्या रात्री, सत्तेचे डाव आणि आपल्यातल्या पशूला आवरण्याची धडपड आली. पण कथाकार म्हटलं की कथा त्याचीच. अनेक टेबलांवर खेळाडू प्रेक्षक होऊन बसले. निवड करायची मोकळीक दाखवायची आणि गाडी मात्र ठरलेल्या रुळांवरूनच न्यायची, याला खेळणाऱ्यांच्या भाषेत ‘रेलरोडिंग’ म्हणतात. रडीच्या डावापेक्षा मला हे जास्त खुपतं. रडीचा डाव निदान सगळ्यांना दिसतो.

त्यावर उतारा 2000 नंतर छोट्या, स्वतंत्र लेखकांकडून आला. मोठ्या घरात तोवर मालक बदलले होते. 1997 मध्ये टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळ कंपनीने घेतली, 1999 मध्ये विझर्ड्सच हॅस्ब्रो या खेळणी कंपनीकडे गेली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची 2014 ची पाचवी आवृत्ती आणि 2015 पासून ‘क्रिटिकल रोल’सारखी खेळाची थेट प्रक्षेपणं यांनी गर्दी आणली. विचार मात्र कडेला चालू होता. ‘ड्रेड’मध्ये (2005) फासेच नाहीत, लाकडी ठोकळ्यांचा जेंगा मनोरा आहे. धोक्याचं काही करायचं तर एक ठोकळा ओढायचा, मनोरा पडला की पात्र संपलं. रात्री उशिरा टेबलावर कोणी कोपर टेकवायला धजत नाही. जेसन मॉर्निंगस्टारच्या ‘फियास्को’त (2009) पंचच नाही, सगळे मिळून आपापल्या पात्रांचा बट्ट्याबोळ करतात.

व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ने (2010) खुर्ची ठेवली, पण तिला नियम लावले. पंच स्वतः फासे टाकत नाही, आणि पुढे काय होणार हे त्याने आधी ठरवून ठेवायचं नाही. खेळाडूने दोन फासे टाकायचे. बेरीज 10 किंवा जास्त आली तर काम फत्ते, 6 किंवा कमी आली तर पंचाची पाळी, आणि 7 ते 9 आली तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं. या मधल्या पट्टीतच सगळी मजा आहे. कुलूप उघडतं आणि आतला कुत्रा जागा होतो. पंचाला आता गोष्ट रचत बसावी लागत नाही, फासेच त्याला पुढची अडचण आणून देतात.

2013 मध्ये जॉन स्टावरोपोलोसने ‘एक्स-कार्ड’ सुचवलं. टेबलाच्या मधोमध फुली मारलेला एक कागद. कोणालाही एखादा प्रसंग नकोसा झाला तर त्यावर बोट ठेवायचं, कारण सांगायची गरज नाही, तो भाग गाळून डाव पुढे जातो.

आणि 2018 मध्ये शॉन टॉमकिनचा ‘आयर्नस्वॉर्न’ आला, जो एकट्यालाही खेळता येतो. दारामागे काय आहे, गावकरी खरं बोलतोय का, असे प्रश्न आपणच विचारायचे, 1 ते 100 मधला आकडा देणारे टक्केवारीचे फासे टाकायचे आणि कोष्टकातून आलेल्या दोन शब्दांचा अर्थ आपणच लावायचा. प्रशियातल्या पंचांनी कंटाळून बाजूला सारलेले तक्ते अशा रीतीने परत आले आहेत, समोरची खुर्ची रिकामी आहे, आणि तक्त्यातल्या दोन शब्दांचं काय करायचं हे मात्र अजूनही माणसालाच ठरवावं लागतं.