वर्तणूक : चांगली

‘लाल शेरा मारून दाखला देईन, मग बघतो कुठं प्रवेश मिळतो ते!’ ही धमकी महाराष्ट्रातल्या तीन-चार पिढ्यांनी ऐकलेली आहे. तसा शेरा असलेला दाखला मात्र फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिला असेल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. जूनमध्ये शाळेच्या कार्यालयात बसलं की दिसतं, लेखनिक जनरल रजिस्टर उघडून नाव, आईचं नाव, जात, अक्षरी जन्मतारीख हे सगळं दोनदोनदा ताडून लिहितो, कारण पुढं जात पडताळणीपासून पासपोर्टपर्यंत सगळं त्यावर उभं राहणार असतं. ‘प्रगती’पाशी तो क्षणभर थांबतो आणि ‘समाधानकारक’ लिहितो. ‘वर्तणूक’ला थांबतच नाही. चांगली. वरच्या दाखल्यावर चांगली, खालच्यावरही चांगली. जिथं दाखला संगणकावर निघतो तिथं तर हा शब्द बहुधा नमुन्यातच भरून ठेवलेला असतो.

विद्यार्थ्याच्या वागण्यात सरकारला एकेकाळी बराच रस होता. वंगभंगाच्या वेळी, १९०५ साली, बंगाल सरकारनं परिपत्रक काढलं होतं : विद्यार्थी राजकीय चळवळीत दिसले तर शाळेचं अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद. त्याच वर्षी पुण्यात परदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल एका कॉलेजविद्यार्थ्याला १० रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं. कलकत्त्यात १९१६ साली इंग्रज प्राध्यापकाला झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात एका विद्यार्थ्याला कॉलेजातून काढलं. दुसऱ्या कॉलेजात पाऊल ठेवायला त्याला वर्षभराहून जास्त थांबावं लागलं, कारण विद्यापीठाची परवानगी नव्हती. ती १९१७ साली मिळाली आणि १९१९ मध्ये तो तत्त्वज्ञान घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाला. पुण्याचा तो विद्यार्थी म्हणजे वि. दा. सावरकर, कलकत्त्याचा सुभाषचंद्र बोस.

कॉलेजातून काढणं आणि काही काळ दुसरीकडंही प्रवेश न मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी कलकत्त्याच्या प्रकरणात एकत्र दिसतात. त्यांत आपण गोंधळ करतो, आणि तो गोंधळ एका शब्दाचा आहे : रस्टिकेट.

आपल्याकडं ‘त्याला रस्टिकेट केलं’ म्हणजे कायमचं हाकललं. मूळ अर्थ जवळजवळ उलटा आहे. लॅटिनमध्ये ‘रूस’ म्हणजे खेडं, रानमाळ. इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत पोरगं फार माजलं की त्याला काही महिने गावाकडं धाडायचे. मुदत संपली की तो परत यायचा. शिक्षा मुदतीची होती, दार बंद होत नसे. हा शब्द भारतातल्या शिक्षण नियमांत आला तेव्हा त्याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवला गेला, ‘एक्स्पल्शन’ म्हणजे निष्कासन. दिल्लीच्या १९७३ च्या शालेय नियमांत हा फरक स्वच्छ लिहिला आहे. निष्कासित मुलाला त्या शाळेत पुन्हा घ्यायचं नाही, पण शिक्षण संचालकांच्या पूर्वपरवानगीनं दुसऱ्या शाळेचं दार उघडं. रस्टिकेट झालेल्याला मात्र मुदत संपेपर्यंत कुठल्याच शाळेनं घ्यायचं नाही. म्हणजे एकात शाळा जाते, दुसऱ्यात वर्ष जातं. पुढच्या प्रवेशाच्या दृष्टीनं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हींना एकच नाव दिलं, आणि कॉपीत सापडून परीक्षेला बसायला बंदी झालेल्यालाही ‘रस्टिकेट’च म्हणू लागलो. वास्तविक ती कारवाई परीक्षा मंडळाची असते, शाळेची नव्हे, आणि कॉपीसारख्या गैरप्रकारांसाठी राज्यात १९८२ पासून वेगळा कायदा आहे.

गंमत म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्या इंग्रजी नमुन्याच्या दाखल्यावर हा शब्द तळाच्या बारीक टिपेत छापलेला असे : दाखल्यातल्या कुठल्याही नोंदीत देणाऱ्याशिवाय कुणी फेरफार केला तर रस्टिकेशनसारखी शिक्षा होऊ शकते. मारामारी, चोरी, शिक्षकांना उलट उत्तर यांबद्दल त्या कागदावर चकार शब्द नसे. त्या कागदाच्या लेखी मोठा गुन्हा एकच, कागदाला हात लावणं.

मग शिस्तभंगाची खरी नोंद कुठं होत होती? बहुतेक वेळा कुठंच नाही. मुख्याध्यापक पालकांना बोलावत आणि सांगत, ‘तुम्हीच अर्ज करा, मी दाखला चांगला देतो.’ पालक अर्ज करत, शाळा सोडण्याचं कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं पडे, वर्तणूक चांगली. याला आपल्याकडं ‘हातात दाखला देणं’ म्हणतात, आणि माझ्या मते अधिकृत शिक्षांपेक्षा हीच शिक्षा जास्त वापरली गेली. तिला मुदत नाही, सुनावणी नाही, अपील नाही. मूल त्या शाळेतून गेलेलं असतं आणि कागद म्हणतो की ते स्वतःहून गेलं. पुढच्या शाळेला खरी हकिकत कळलीच तर ती फोनवरून कळते.

हा रकाना जिवंत करण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला तो रॅगिंगच्या निमित्तानं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढायचं आणि आदेशापासून पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेनं घ्यायचं नाही, अशी तरतूद आहे. त्यात ‘रस्टिकेट’ हा शब्द नाही, पण परिणाम तोच, तोही लांब मुदतीचा. मे २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच विषयावरच्या एका समितीच्या शिफारशी लागू करायला सांगितलं. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी देशभरासाठी नियम आले. त्यात एक कलम असं : प्रवेशअर्जासोबत आधीच्या शाळेचा असा दाखला हवा, ज्यात विद्यार्थी इतरांशी कसा वागतो याचा अहवाल असेल. प्रवेश नाकारण्यासाठी नव्हे, तर घेतल्यावर त्याच्यावर लक्ष ठेवता यावं म्हणून. कल्पना वाईट नव्हती. पण ज्या कार्यालयात हा रकाना पेन न उचलता भरला जातो, तिथून असा अहवाल कसा यायचा? दहावी-बारावीच्या दाखल्यावर आजही तोच एक शब्द येतो.

त्याच सुमारास वारं उलट्या दिशेनंही वाहत होतं. एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढायला बंदी केली. २०१९ मध्ये पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढण्याची बंदी तशीच राहिली. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, हेही त्यातच आहे. नववी-दहावी मात्र या छत्रीबाहेर, आणि ‘हातात दाखला’ देण्याचं वयही नेमकं तेच. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीची भीती दाखवली जाते ती वेगळीच गोष्ट. बाल न्यायाचा २०१५ चा कायदा अल्पवयीनाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करू देत नाही.

वर्तणुकीच्या रकान्याचा उरलासुरला दरारा संपवला तो केंद्रीय प्रवेशानं. मुंबईत २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, २०२५ मध्ये संपूर्ण राज्यात. गुणांच्या यादीला मुलाचं वागणं दिसत नाही. दाखला बघितला जातो तो जागा मिळाल्यावर. मुख्याध्यापकांच्या शब्दाला वजन उरलंच असेल तर ते व्यवस्थापन कोट्याच्या ५ टक्के जागांपुरतं.

उलट अमेरिकेत जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांना हा प्रश्न सरळ तोंडावर विचारला जायचा. तिथल्या शेकडो कॉलेजांच्या सामायिक अर्जात २००६ च्या सुमारास शालेय शिस्तभंगाचा प्रश्न घातला गेला. अशी कारवाई झाल्याचं सांगणाऱ्यांत कृष्णवर्णीय अर्जदारांचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त असल्याचं आढळलं, आणि २०२१ च्या प्रवेशहंगामापासून सामायिक अर्जातून तो काढला. स्वतंत्रपणे विचारायला कॉलेजं मोकळी आहेत. त्यामुळं तीन दिवस वर्गाबाहेर बसवलेल्या, पण दाखल्यावर ‘चांगली’ असलेल्या मुलानं तिथं काय लिहायचं, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं.