मजा, शाबासकी आणि सुख: गल्लत कुठे होते

एखादी गोष्ट हवीहवीशी वाटते, म्हणजे ती मिळाल्यावर बरं वाटणारच, असं आपण धरून चालतो. १९५४ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. कळ दाबली की उंदराच्या मेंदूला विजेचा सौम्य धक्का मिळे, आणि उंदीर कळ दाबतच राहत. सुखाचं केंद्र सापडलं, असा तेव्हा बोलबाला झाला. पुढे मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी मेंदूतलं डोपामाइन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन) जवळजवळ संपवलेले उंदीर तपासले. ते अन्नाकडे फिरकत नसत, पण तोंडात गोड घातलं की चेहऱ्यावर आवडीच्या खुणा पूर्वीसारख्याच उमटत. ओढ आणि गोडी मेंदूत वेगवेगळ्या चालतात, हे त्यातून पुढे आलं. फोन बाजूला ठेवून मिनिटभरात पुन्हा उचलतो, तेव्हा बहुधा नुसती ओढच काम करत असते.

मजेला एक मर्यादाही आहे: तिची सवय होते. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी मोठी लॉटरी लागलेल्यांची तुलना इतरांशी केली. लॉटरी लागलेले फारसे जास्त सुखी नव्हते, उलट रोजच्या छोट्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झालेला दिसला. अभ्यास लहान होता, त्यामुळे पैशाने काहीच होत नाही असा अर्थ त्यातून काढू नये.

मजेलाच सुख समजण्याची गल्लत तरी लवकर उघडी पडते, कारण ती ओसरते आणि ओसरल्याचं कळतं. शाबासकीचं तसं नाही. ती मेहनत, जिद्द, कर्तबगारी असली भारदस्त नावं घेऊन येते. शिवाय ती दुसऱ्याच्या हातात असते, त्यामुळे ती टिकवण्यासाठी माणूस स्वतःची आवडही बदलतो. १९७३ सालच्या एका प्रयोगात मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रकलेची आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र टिकून होती. मला हा प्रयोग सगळ्यांत बोलका वाटतो. कौतुकाने बिघडलं नाही, कौतुकासाठी काम करण्याने बिघडलं.

सुख यापेक्षा बरंच कमी झगमगीत असतं, म्हणून ओळखूही येत नाही. कधी ते दमवतं. अवघड वाद्य शिकताना, आजारी माणसाची काळजी घेताना, तासन्‌तास एखादं गणित सोडवताना त्या क्षणी मजा येईलच असं नाही. तरी पुन्हा तेच करायला आपण बसतो आणि केल्याचा पस्तावा होत नाही. तपासायचंच तर एक प्रश्न पुरतो: हे मी कोणालाही सांगायचं नाही असं ठरलं, तरी करीन का?

उत्तर ‘नाही’ आलं म्हणून लगेच ती गोष्ट सोडायला हवी असं नाही. पोटापाण्याचं काम त्या प्रश्नात बसत नाही, आणि नुसती मजा म्हणून केलेल्या गोष्टींनाही आयुष्यात जागा असतेच. कौतुकातही फरक असतो: आपले दोष माहीत असलेल्या मित्राने ‘छान केलंस’ म्हणणं आणि अनोळखी शेकडो लोकांनी टाळ्या वाजवणं यांत पहिलं सहसा जास्त काळ पुरतं.