सीमाभागातील कोल्हापुरी चप्पल : घडण व जतन

कोल्हापुरी चप्पल नावाने कोल्हापूरची असली, तरी ती सीमेच्या दोन्ही बाजूंना घडते. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहेत. बेळगाव जिल्ह्यात अथणी व मदभावी ही या कामाची जुनी गावे. परंपरेने कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि घडवण्याचे चांभार किंवा समगार समाजाकडे असे. वेण्या घालणे व शिवण हे बारीक काम बहुतेक बायकांच्या हातचे. श्रेय मात्र त्यांना क्वचितच मिळाले.

चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवून टांगतात. आत बाभळीची साल, हिरडा व पाणी भरतात. ते झिरपत जाते तसे कातडे कमावले जाते. तळाच्या दोन थरांमध्ये दोन्ही बाजूंचे ‘कान’, म्हणजे पट्टा धरणारे कातड्याचे तुकडे, अडकवून कातड्याच्याच वादीने शिवतात, खिळा मारत नाहीत. पट्टा आणि अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची कडी) कानांच्या आधाराने बसतो.

वापरातल्या चपलेला तेल चोळतात, ते योग्यच आहे. संग्रहालयातल्या जोडाला मात्र तेल लावू नये. ते धूळ धरते, कातडे काळवंडते आणि पितळी बटणाभोवती हिरवट मेणासारखा थर चढतो. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के व प्रकाश ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) ठेवावा. आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशी येते. अथणीच्या कोरड्या हवेत टिकलेला जोड बेळगावच्या पावसाळ्यात म्हणूनच पांढरा पडतो. बुरशी दिसताच तो जोड वेगळा काढून आधी सुकू द्यावा, मगच मऊ कुंचल्याने झाडावा. ओल्यावर घासल्यास ती आत मुरते. हात लावल्यावर तांबूस भुकटी सुटू लागली, तर कातडे आम्लाने कुजले आहे असे समजावे. ते पूर्ववत होत नाही, फक्त पुढची झीज रोखता येते. कीड लागलेला जोड पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे गोठवतात.

पट्ट्याखाली आम्लविरहित कागदाची सैल गुंडाळी ठेवावी. वर्तमानपत्र वापरू नये, ते स्वतःच आम्लधर्मी असते. नोंदक्रमांक चिकटवू नये, सुती फितीने सैल बांधावा.

पायाच्या अंगठ्याखाली पडलेला काळा खळगा, एका कडेने झिजलेली टाच, वेगळ्या कातड्याचा बसवलेला अंगठा या खुणा पुसू वा दुरुस्त करू नयेत. त्या मोजून, छायाचित्रासह नोंदवाव्यात. घालणाऱ्याची चाल आणि चपलेची डागडुजी त्यांतूनच कळते.